‘मले’ की ‘मला’?

मंडळी, खामगावच्या स्टुडिओतून दुपारी परत आलो, पण मन अजून तिथेच आहे.

माझं एक गाणं पुण्याची एक म्युझिक कंपनी ऑनलाइन आणणार होती. सासरी गेलेली लेक आईशी फोनवर बोलते, असं ते गाणं आहे आणि माझी धाकटी बहीण सुनंदा ते गाते. कंपनीची एकच अट होती. वऱ्हाडी ‘मले’च्या जागी ‘मला’ करा, म्हणजे गाणं सगळीकडे चालेल.

मी कबूल झालो. सुनंदा शाळेत शिकवते, त्यामुळे प्रमाण मराठी तिच्या तोंडात बसलेली. “माय, मला करमत नाही,” तिने अगदी सुरात गायलं. रेकॉर्डिंग करणारा खूश झाला.

सुनंदाने मात्र हेडफोन काढून ठेवला. मग म्हणाली, “दादा, मायसंग मी अशी कधीच बोलली नाही. गाता गाता मले माय दिसूनच नाही राह्यली.”

आम्ही पुन्हा ‘मले’ गाऊन घेतलं आणि कंपनीला तसं कळवलं. संध्याकाळी फोन करून त्यांनी नम्रपणे नकार दिला.

आता गाणं माझ्याच छोट्या चॅनेलवर टाकलंय. संधी गेली याचं वाईट वाटतंय, खोटं कशाला सांगू?

तुम्ही घरी आईशी ज्या बोलीत बोलता, त्या बोलीतलं गाणं शेवटचं कधी ऐकलंत?