तार हाक देत नाही

उद्या तुमच्या वतीनं कुणाला ठार मारायचं असेल, तर त्याआधी त्याला 'कोण आहेस?' असं कुणीतरी विचारावं की नाही?

हाच प्रश्न मी पत्रकात छापला होता. वडील चळवळीतले; आमच्या घरी पत्रकांचे गठ्ठे कायमचेच. त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली. त्यामुळे माणूस हेरणारी आणि कुणालाही न विचारता त्याच्यावर गोळी झाडणारी यंत्रं युद्धात येत आहेत, हे वाचल्यावर मला दुसरं काही सुचलंच नाही. पत्रक लिहिलं आणि अमरावतीच्या बसस्टँडवर वाटत उभी राहिले. एकानं त्यात शेंगदाणे बांधून घेतले. दुसरा म्हणाला, "ताई, आमच्या डीपीवर लाईन नाई, अन् तू रोबोटचं सांगून राहिली!" आजूबाजूचे खो खो हसले. उरलेला गठ्ठा घेऊन मी परतवाड्याकडची गाडी धरली आणि गावी मोठेबाबांकडे गेले.

मोठेबाबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. त्यांचा मुलगा फौजेत आहे, सीमेवर. त्यांनी चष्मा लावून पत्रक शेवटपर्यंत वाचलं. असं वाचणारे ते पहिलेच.

"तिथं यंत्र उभं राहिलं तं माया पोरगा घरी येईन ना? मंग तुयं काय बिघडते?"

याचं उत्तर पत्रकात नव्हतं.

"पण समोर एखादा गुराखी असला तर? यंत्रानं त्यालाच मारलं तर दोष कुणाचा?"

"ते फौज पाहीन. तू चाय पे."

संध्याकाळी आम्ही शेतात गेलो. हरभऱ्याच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, खुंट्या ठोकून नवी तार ओढलेली होती. रानडुकरांसाठी. रात्री लाईन, म्हणजे वीज, आली की मोटरपंपाच्या वायरमधून थेट करंट सोडायचा. त्याच लाईनची वाट पाहत पलीकडच्या शेतातले चाचा असतात. लाईन आली की ते ओलितासाठी, पिकाला पाणी द्यायला, अंधारात याच धुऱ्यावरून मोटर सुरू करायला जातात.

ते समोरून आलेच. "काय पाटील, मले डुक्कर समजता का?"

"सांगतलं ना चाचा, तिकडच्या धुऱ्यानं येत जा."

"अंधारात पायाले काय समजते, कोणता धुरा कोणाचा!"

दोघंही हसले. मला हसू येईना. मी लहान असताना मोठेबाबा शेतातल्या माळ्यावर, म्हणजे मचाणावर, बसून रात्रीची जागल करायचे. पिकात खसखस झाली की आधी त्यांची हाक जायची, "कोण व्हय बे?" खालून चाचांचा आवाज यायचा, "मी व्हय पाटील, गोफण ठेवा खाली!" उत्तर आलं नाही तरच दगड सुटायचा.

"मोठेबाबा, तार काढा."

"गुडघे गेले माये. जागल आता होत नाई. तार झोपत नाई."

"तार विचारतही नाही. चाचा मेले तर कुणी मारलं म्हणायचं?"

"तारेनं," ते म्हणाले. "मी तं झोपून असीन ना."

म्हणजे माणूस मरेल, पण मारणारा कुणीच नसेल. पत्रकाच्या दोन्ही बाजू भरून मला जे सांगता आलं नव्हतं, ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं, आणि तेही स्वतःची सुटका म्हणून! मी भांडले. नुसता झटका देणारं मशीन लावा म्हटलं, तर म्हणे त्यानं डुक्कर दुसऱ्या रात्री पुन्हा येते. शेवटी त्यांनी एका पत्र्यावर 'सावधान' रंगवून तो खुंटीला टांगला. "झालं समाधान?" अंधारातून येणाऱ्या माणसासाठी बोर्ड! मोठमोठ्या देशांच्या, युद्धातल्या या यंत्रांवरच्या बैठकांतही मला हाच पत्रा दिसतो. खबरदारी घेऊ, नियम करू, यंत्र मात्र राहू द्या.

मी परत आले. तार अजून तिथेच आहे. परवा फोनवर कळलं, चाचा धुऱ्यावर पाय ठेवताना अजूनही सवयीनं ओरडतात, "मी व्हय पाटील!"

म्हणून तुम्हाला एक मागणं आहे. तुमच्या खासदारांना आजच पत्र लिहा. माणसावर चालणाऱ्या प्रत्येक यंत्रामागे 'कोण आहेस?' विचारणारा आणि उत्तराला थांबणारा माणूस असलाच पाहिजे, असा कायदा मागा. आणि तुमच्या धुऱ्यावर अशी तार असेल, तर आज रात्री लाईन यायच्या आत ती काढा.