चाकणचा नारळ

"कुठं पळून चाललंय?" असं म्हणून आक्का उजव्या हाताचा पंजा उपडा करायची आणि कुणाच्या तरी डोक्यावर ठेवल्यासारखा हवेत दाबायची. भात करपला, नळाचं पाणी गेलं, नवऱ्याचा डबा राहिला, तरी पंजा उपडा आणि तेच वाक्य. अशी एखादी बाई तुमच्याही शेजारी राहून गेली असेल. आपल्याला वाटतं, ही किती निवांत. तसं नसतं. आपण ठेवलं तिथंच जग राहतं, अशी तिची समजूत असते.

स्वातंत्र्य येऊन पाच-सहा वर्षं झाली होती. देहूरोडला लष्कराच्या डेपोत आमची माणसं कामाला होती. चाळीत तिच्या आणि माझ्या खोलीत एक भिंत. मी नगर जिल्ह्यातून लग्न होऊन आलेली, चौथी शिकलेली. ती तिथल्याच जुन्या शेतकरी घरातली. सगळी चाळ तिला आक्का म्हणे.

तिला एकच मुलगा. तो फिटरचं काम शिकला आणि आफ्रिकेत, नैरोबीला, रेल्वेच्या कारखान्यात लागला. तीन वर्षं आला नव्हता. कुणी विचारलं की आक्का म्हणे, "येतोय की. कुठं पळून चाललाय?"

"आक्का, आता अजून कुठं पळायचं राहिलंय त्याचं?" एक शेजारीण म्हणाली. आम्ही हसलो. आक्काही हसली.

एका उन्हाळ्यात मुलाने आईसाठी बोटीचं तिकीट पाठवलं. आईनं यावं, चार महिने राहावं. सोबतीला रजेवरून परतणारं एक ओळखीचं कुटुंब होतं. आक्काने याचा आपल्यापुरता अर्थ लावला. पोराला आई आठवली, म्हणजे त्याला आता घरसंसार हवा आहे. बोट सुटायच्या आत तिने चाकणची मुलगी पाहिली आणि साखरपुडाही उरकला.

तेव्हा साखरपुड्याला नवरा मुलगा हजर असलाच पाहिजे असं नव्हतं. त्याच्याकडच्यांनी मुलीची ओटी भरायची, साडी आणि साखरेचा पुडा द्यायचा. मुलीकडच्यांनी जावयासाठी नारळ द्यायचा. मीही गेले होते. मुलगी सावळी, उंच, हात कामाचे. नारळावर कुंकवाची बोटं तिनेच ओढली. तिच्या बापाने तो आक्काच्या पदरात घातला.

"नवरदेवाच्या हातात द्या, विहीणबाई."

"हातातच देते. मगच त्याला सांगते."

परतताना मी विचारलं, "आक्का, त्याला विचारलंत का?"

पंजा उपडा झाला. "माझा पोरगा हाय. कुठं पळून चाललाय?"

पुढचं तिने मला परत आल्यावर सांगितलं, तांदूळ निवडता निवडता. एकदाच.

नैरोबीच्या स्टेशनवर मुलगा घ्यायला आला होता. बरोबर एक नवराबायको आणि त्यांची मुलगी. माणसं मराठीच, पण मुलगी तिकडेच जन्मलेली. मुलगा म्हणाला, "आई, ही तुझी होणारी सून. साखरपुडा तुझ्यासाठीच थांबवलाय." मुलगी वाकून पाया पडली. आक्काच्या काखेत गाठोडं होतं आणि गाठोड्यात नारळ.

घरी गेल्यावर ती त्याला म्हणाली, "मी चाकणला शब्द दिलाय."

"मला न इचारता?"

"तू मला इचारलंस?"

"त्याच्यासाठीच तर बोलावलं तुला."

"मी बी त्याच्यासाठीच आले."

बोलावणी गेली होती, हॉल ठरला होता. शेवटी मुलगा एवढंच म्हणाला, "चाकणला तू सांग."

साखरपुड्याच्या दिवशी ताटात सगळं होतं, फक्त ओटीचा नारळ नव्हता. एकट्या पुरुषाने मांडलेलं ताट. जमलेल्या बायका म्हणाल्या, "आईंनी गावाहून आणला असेल की." मुलगा उठला, गाठोडं सोडलं आणि तो नारळ काढून घेऊन आला. त्यावरची कुंकवाची बोटं पाहून बायकांना कौतुक वाटलं. सासूने घरूनच पूजा करून आणला, असं त्या समजल्या. आक्काने तो हातात घेतला आणि समोरच्या मुलीच्या ओटीत घातला.

"नाही म्हणायचं होतंत," मी म्हणाले.

"कुणाला? ती पोर पदर पसरून बसली व्हती. तिनं काय केलं व्हतं?"

"आणि चाकणच्या पोरीनं?"

आक्का तांदळातला खडा शोधत राहिली.

ती स्वतः चाकणला सांगायला गेली. कुणी तिला पाणी दिलं नाही. द्यायला हवं होतं असं मलाही वाटत नाही.

सोयरीक मोडली की ज्याची वस्तू त्याला परत करतात. आठवड्याने मुलीचा बाप आला. साडीची घडीही मोडलेली नव्हती. मी दारात उभी होते.

"ही तुमची साडी. आमचा नारळ द्या."

दुसरी कुणी असती तर बाजारातला एखादा आणून दिला असता. नारळाला काही नाव नसतं. मला वाटलंही, बाई, दे कुठला तरी आणि सुटू दे त्याला.

आक्का म्हणाली, "तिकडल्या पोरीच्या ओटीत घातला."

तो माणूस ओरडला नाही. त्याने साडी उंबऱ्यावर ठेवली. "घरी हे नाही सांगायचो," तो म्हणाला. "मोडलं, एवढंच सांगीन." आणि गेला.

त्यानंतर आक्काचा पंजा मी कधी उपडा झालेला पाहिला नाही. नळाला पाणी यायच्या आधी ती हंडा घेऊन उभी असायची. दूध चुलीवर ठेवलं की त्याच्यापुढून हलायची नाही. नैरोबीहून लग्नाचा फोटो आला तो ट्रंकेत गेला, त्या साडीखाली. चूक तिची होती, मुलाचीही होती. भोगलं तिसरीनेच. मोडलेल्या सोयरिकीच्या मुलीला चांगलं स्थळ कोण देणार? तिला दोन मुलांच्या बिजवराला दिली. आक्काच्या कानावर ते आलं त्या दिवशी तिने चूल पेटवली नाही.

दोनेक वर्षांनी आक्का काविळीने गेली. मुलाला तार केली. तो आला नाही. येऊन तरी काय करणार होता.

पुढे एकदा मी चाकणच्या बाजारात कांदे घ्यायला गेले. ढिगामागे ती सोयरीक मोडलेली मुलगीच बसली होती. दोन्ही सावत्र पोरं शेजारी भांडत होती. तिने मला ओळखलं.

"त्या बाई बऱ्या हायेत का?"

"गेल्या."

तिने तराजू खाली ठेवला. "एक इचारू? आमचा नारळ त्यांच्या मुलाच्या हातात पोचला व्हता का?"

मुलाने तो गाठोड्यातून स्वतःच्या हाताने काढला होता. मला खोटं बोलायची गरज नव्हती. मी म्हणाले, "हो. त्याच्या हातात पोचला होता."

"म्हंजी हातात घेऊन बी न्हाई म्हनले," ती म्हणाली, आणि माझ्या पिशवीत कांदे भरू लागली.