घाटाखाली राहिलेला नवस

आमच्या घरात देवावरचा विश्वास माझ्या वाट्याला आला होता आणि पाना-पक्कडीवरचा आमच्या मास्तरांच्या. मास्तर म्हणजे माझे यजमान. आम्ही वसईचे, तिथल्याच एका शाळेत ते गणित शिकवायचे, आणि शाळेतलं मास्तरपण घरी येताना दारात चपलांबरोबर काढून ठेवायची त्यांना सवय नव्हती. मीही काही मुक्या स्वभावाची नव्हते. त्यामुळे आमची मुलगी ज्युली चार वर्षांची असताना न्यूमोनियातून उठली, तेव्हा ती कोणामुळे उठली यावर आमचं दोघांचं महिनाभर वाजत होतं. ते म्हणायचे, डॉक्टरांच्या इंजेक्शनांमुळे. मी म्हणायचे, इंजेक्शनं शेजारच्या खाटेवरच्या मुलालाही देत होते, तो नाही उठला. त्यावर ते वर्तमानपत्र उघडायचे, पण माझं म्हणणं कबूल करायचे नाहीत.

दवाखान्यात त्या खाटेशी बसून मी नवस बोलले होते. तोही साधासुधा नाही. 'बाळ येशू, हिला वाचव, येत्या यात्रेच्या दिवशी, दुपारी बाराच्या मिस्साला, मी हिला नाशिकला तुझ्या पायांशी आणीन.' दिवस, चर्चमधल्या प्रार्थनेची वेळ, ठिकाण, सगळं मीच ठरवून टाकलं. आणि एकदा शब्द दिल्यावर मनात एक भीती घर करून बसली, ती मी कोणाला सांगितली नाही. वाटायचं, हे तंतोतंत झालं नाही तर दिलेलं परत घेतलं जाईल. ज्युली नुसती खोकली तरी मी तिच्या छातीला कान लावायचे. वरून मी खंबीर, चार बायकांना धीर देणारी. आत मात्र फेब्रुवारीतली ती तारीख डोक्यावर टांगलेली.

त्या वर्षी आमच्या गावातल्या चर्चच्या मंडळींनी सहा स्कूटरी काढून यात्रेला जायचं ठरवलं. तेव्हा स्कूटर म्हणजे केवढी अपूर्वाई! वर्षानुवर्षं वाट पाहून नंबर लागायचा आणि नंबर लागला की शेजारीपाजारी गाडी बघायला यायचे. पास्कू नावाचा मास्तरांचा मित्र पुढारी होता. जास्तीचा प्लग, क्लचची वायर, ब्रेकची वायर, ट्यूब, पेट्रोलमध्ये घालायचं ऑइल, असं काय काय न्यायचं त्याची यादी मात्र मास्तरांनीच करून दिली, सुंदर अक्षरात, खाली रेघ मारून. 'लांबच्या प्रवासात गाडी दगा देत नाही, माणसाचा आळस देतो,' असं त्यांनी सगळ्यांना सुनावलंही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! कारण निघायच्या तीन दिवस आधी ब्रेक कुरकुरतो म्हणून त्यांनी मागचं चाक स्वतः उघडलं होतं. मी म्हटलं, मेकॅनिककडे न्या. तर म्हणाले, 'मला शिकवू नकोस.' आत काय केलं ते मला कळायचं कारण नव्हतं. हात काळे करून, शीळ घालत उठले, तेव्हा वाटलं सगळं ठीक असणार.

माझं पाप वेगळं होतं आणि तेही सांगायलाच हवं. स्कूटरच्या मागे उभ्या बांधलेल्या जादा चाकाला, म्हणजे स्टेपनीला, मी क्रोशाचं कव्हर विणलं होतं. पांढऱ्या जाड दोऱ्याचं, मध्ये क्रूस, भोवती वेलबुट्टी. वेदीवरच्या कापडांना विणतात तशी ती नक्षी होती. गावभर त्याचं कौतुक झालं होतं आणि मला ते गोड लागलं होतं. निघायच्या आदल्या संध्याकाळी पास्कू प्रत्येकाच्या स्टेपनीतली हवा अंगठा दाबून बघत आला. आमच्या गाडीशी आल्यावर मी त्याचा हात धरला. म्हटलं, 'आमचं कव्हर नको रे काढूस, आताच खळ घालून, नाड्या आवळून बसवलंय. हात बघ तुझे!' तो हसला, म्हणाला, 'वहिनी, हवा कव्हरला नाही, टायरला लागते.' मी म्हटलं, 'टायर नवाच आहे.' तो पुढे गेला. मास्तर तिथेच उभे होते. त्यांनीही कव्हर काढलं नाही.

पहाटे निघालो. ज्युली पुढे उभी, कानटोपीत नुसते डोळे दिसणारी. मी मागे, मांडीवर डब्याची पिशवी. आमची गाडी सगळ्यांत शेवटी होती. कारण काय, तर मास्तर म्हणाले, 'मी मागे राहतो. कोणाचं काही बिघडलं तर मी आहे.' चिंचोटीवरून भिवंडी, तिथून नाशिकचा रस्ता. भिवंडी सोडल्यावर मागच्या चाकातून कटकट ऐकू यायला लागली. मी दोनदा सांगितलं. एकदा म्हणाले रस्ता खराब आहे, एकदा म्हणाले तुझ्या पिशवीतला डबा वाजतोय. शहापूरला चहा झाला, डबा मी मांडीवर घट्ट धरला, तरी कटकट चालूच. ज्युली म्हणाली, 'डॅडी, गाडीला खोकला झालाय.' मास्तर मोठ्याने हसले. मी मात्र पिशवीतली जपमाळ चाचपली.

कसाऱ्याचा घाट समोर दिसायला लागला होता. पुढच्या पाच गाड्या वळणाआड गेल्या आणि आमचं मागचं चाक बसलं. पंक्चर! गाडी जराशी नाचली, मास्तरांनी सावरली, कडेला घेतली. साडेनऊ वाजले होते. 'दहा मिनिटांचं काम,' असं म्हणून त्यांनी माझ्या कव्हरच्या नाड्या सोडल्या. कव्हर खाली आलं आणि आतला नवा कोरा टायर अंगठ्याखाली भाकरीच्या पिठासारखा दबला. हवा नावालाही नव्हती. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मी रस्त्याकडे.

रस्त्यालगत एक घर होतं, अंगणात बैलगाडी उभी. घरातला म्हातारा, सत्तरीचा असेल, आपणहून आला आणि स्कूटर ढकलत अंगणातल्या सावलीत न्यायला त्याने हात लावला. आम्ही तिथे वाट बघत बसलो, की पुढच्यांच्या लक्षात येईल आणि कोणीतरी परत फिरेल. तो तासभर मी कसा काढला! मनातल्या मनात बाळ येशूशी भांडतच होते. म्हटलं, मी माझा शब्द पाळायला निघाले तर तूच वाट अडवतोस होय रे? मग स्वतःलाच दटावलं, आणि परत भांडले. साडेदहाला पास्कू एकटाच परत आला. त्याच्या स्टेपनीत हवा होती आणि चाक एकाच मापाचं होतं. माझ्या जिवात जीव आला. आता निघालो तर बाराची मिस्सा सुरू होता होता तरी पोचू.

मास्तरांनी स्कूटर कलती केली, पास्कूने नट सोडून बसलेलं चाक काढलं. म्हातारा टेकू देऊन उभा होता. तो वाकून बघत म्हणाला, 'ही मधली टोपी कशाची?' मास्तर घाईत होते. म्हणाले, 'त्याखाली चाकाचा मुख्य नट आहे.' 'आनि खील?' म्हणजे बैलगाडीचं चाक निसटू नये म्हणून आसात घालतात ती खीळ. मास्तर वैतागले. 'बाबा, ही स्कूटर आहे, बैलगाडी नाही.' म्हातारा मुळीच रागावला नाही. 'चाक ता चाकच ना,' म्हणाला, आणि कमरेच्या कोयत्याच्या टोकाने त्याने ती टोपी उचकटली. आत बोट घातलं. तो मोठा नट, जो सोडवायला हातभर लांब पाना लागतो, तो म्हाताऱ्याच्या दोन बोटांत गरागरा फिरला. नटाला आडवी पिन असते, तो सुटू नये म्हणून. ती नव्हतीच. नट शेवटच्या एक-दोन आट्यांवर उभा होता.

मास्तरांच्या चेहऱ्याचा रंग उतरला. मग हळूच म्हणाले, 'जुनी पिन गंजली होती, काढताना तुटली. उद्या आणू म्हटलं, आणि टोपी बसवून टाकली. विसरलो.' माझी नजर ज्युलीकडे गेली. ती अंगणात कोंबडीमागे धावत होती. पुढे घाट होता, एका बाजूला दरी, समोरून ट्रक, आणि ती पुढे उभी राहणार होती, हँडलला धरून.

पास्कूने आपल्या गाडीतून तार काढली. म्हणाला, 'नट आवळून पिनेच्या जागी तार घालू, पक्की पिळून. हळूहळू घाट चढू. वहिनींची मिस्सा चुकायला नको.' मास्तर हो म्हणतील असं वाटलं, कारण त्यांचा स्वभावच तो. पण त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, 'नवस तुझा आहे. तू सांग.' लग्नाला अकरा वर्षं झाली होती, गाडीच्या बाबतीत त्यांनी मला पहिल्यांदा विचारलं होतं! एका बाजूला तार होती, दुसऱ्या बाजूला माझा शब्द. पाळला नाही तर काय होईल, ही भीती मी वर्षभर पोसली होती. तारेवर गेलो असतो तर कदाचित सुखरूप पोचलोही असतो. पण मला एकदम दिसलं, की नवस फेडायच्या हट्टापायी मी त्याच मुलीला तारेवर लटकवायला निघाले होते जिच्यासाठी नवस बोलले होते. मी म्हटलं, 'नाही. पिन मिळाल्याशिवाय गाडी हलणार नाही. मिस्सा गेली तर गेली.' म्हणताना आवाज ठाम होता. मग मी ओट्यावर जाऊन बसले.

पास्कूला आम्ही पुढच्या मंडळींकडे पाठवलं, मास्तर पिन आणायला आणि बसलेल्या चाकाचं पंक्चर काढायला एका ट्रकमधून शहापूरला गेले. मी आणि ज्युली त्या अंगणात राहिलो. बारा वाजले तेव्हा मी जपमाळ काढली. तिकडे घंटा झाली असेल, फादर वेदीशी आले असतील, आणि मी इथे शेणाने सारवलेल्या ओट्यावर. रडू आवरेना. म्हाताऱ्याची बायको तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण घेऊन आली आणि रडायला काय झालं म्हणून तिने विचारलं. मी सगळं सांगितलं. आमचा देव तिचा नव्हता, पण नवस म्हणजे काय ते तिला समजावून सांगावं लागलं नाही. ज्युली माझ्या मांडीवर झोपली होती. तिच्याकडे बोट करून म्हातारी म्हणाली, 'पोरगी हाय ना ही? मंग देवाला आनखी काय दाखवाचा?' एवढं बोलून कोंबड्या भाकरीकडे येताहेत म्हणून ती त्यांना हाकलायला उठली. खूप दिवसांनी मला भूक लागली, आणि मी दोन भाकऱ्या खाल्ल्या.

दोनच्या सुमाराला मास्तर आले. पिना चार आणल्या होत्या! घालताना त्यांनी म्हाताऱ्याला जवळ बोलावलं, दाखवलं, त्याने मान हलवल्यावरच टोपी बसवली. नाशिकला पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. यात्रा पांगत होती, मेणबत्त्यांची दुकानं आवरत होती. ज्युलीला मी मूर्तीपुढे उभं केलं. इतके महिने तिथे काय बोलायचं ते मी घोकलं होतं, त्यातलं काही आठवलं नाही. मास्तर माझ्या शेजारी गुडघ्यांवर आले. चर्चमध्ये ते नेहमी मागच्या खांबाला टेकून उभे राहणारे. बाहेर आल्यावर म्हणाले, 'स्टेपनीत हवा असती तर दहा मिनिटांत चाक बदललं असतं आणि घाटात असतो. टोपी कोणी उघडली नसती.' गणित मास्तरांचं होतं, त्यामुळे मी त्यात काही भर घातली नाही. एवढंच म्हटलं, 'माझ्या चुकीची पाठ थोपटू नका. हवा बघायलाच हवी होती.' चमत्कार म्हणायचं की योगायोग, यावर आम्ही त्यानंतर कधी भांडलो नाही.

परीक्षा मात्र पुढेच होती. घरी परतून पंधरा दिवस झाले आणि ज्युलीला ताप भरला. खोकलाही. सासूने तिच्या कपाळाला हात लावला आणि तोंड उतरवून म्हणाली, 'तरी मी म्हणत होते. मिस्सा चुकली, नवस अर्धा राहिला. त्याचंच हे.' हेच वाक्य मी वर्षभर मनात ऐकत आले होते, आता कोणीतरी मोठ्याने म्हटलं होतं. मी ज्युलीच्या कपाळावरची ओली पट्टी बदलली आणि म्हटलं, 'आई, त्याला शिक्षाच करायची होती तर घाट होता की समोर! तिथे हात देऊन वाचवलं, ते काय घरी आणून तापाने मारायला?' दारात मास्तर डॉक्टरांना घेऊन उभे होते, त्यांनीही ऐकलं.

ताप तिसऱ्या दिवशी उतरला. नसता उतरला तरी मी तेच म्हटलं असतं, असं आज छातीवर हात ठेवून सांगते. त्या तीन दिवसांत एवढी हिंमत माझ्यात होती का, ते तोच जाणे. पण एक खरं, की त्या तीन दिवसांत मी नवस बोलले नाही. नुसती मुलीजवळ बसले आणि म्हटलं, 'बाळ येशू, ही तुझीच आहे. तू बघ.'