बटणाशी उभं राहताना

आमच्या गॅरेजमध्ये ह्यांनी नवा ड्रम सँडर बसवला. पॉलिश पेपर गुंडाळलेल्या फिरत्या रुळाखालून फळी सरकवली, की ती गुळगुळीत होऊन पलीकडे निघते. करवतीने ह्यांच्या अंगठ्याचं टोक गेलं, तेव्हापासून इथे एकही मशीन सुरू झालं नव्हतं. आज मी बटणाशी उभी होते.

“चालू कर,” फळी धरून हे म्हणाले. माझा हात उठेना.

“अगं, याला पातं नाही.”

मी बटण दाबलं. रूळ घरघरला, फळी आत शिरली आणि जळका वास आला. मी झटकन मशीन बंद केलं. फळीवर काळा पट्टा उमटला होता.

“रूळ जरा जास्तच टेकलाय, एवढंच,” असं म्हणत त्यांनी तो शांतपणे वर घेतला. मला वाटलं, ज्याला लागलं त्याची जखम भरूनही येते. भीती मात्र शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे राहून जाते.

“आता फळी मी लावते. तुम्ही बटणाशी थांबा,” मी म्हटलं.

ते हसत आले. मशीन सुरू झालं. माझे हात रुळापासून चांगले लांब होते. फळीचं टोक रुळाखाली गेलं मात्र, आणि मागून त्यांचा चिरकलेला आवाज आला, “हात! अगं, हात मागे घे!”