उपाशी पोटाची सोबत

लाखांदूरच्या लॅबमध्ये रक्त काढणारे काका फार बोलत नाहीत. "मूठ आवळा, तिकडं पाहा," एवढंच. सकाळच्या एसटीनं उपाशी आलेल्या शेवटच्या माणसाचं रक्त घेईपर्यंत ते स्वतः चहाला शिवत नाहीत. थर्मास खिडकीत तसाच असतो.

माझा मोठा भाऊ चाळिशीआधीच हृदयविकारानं गेला, म्हणून चौतिसाव्या वर्षी मी इथंच कोलेस्टेरॉल तपासलं; रक्त देताना काकांना भावाचं आणि त्याच्या मुलीचं सांगितलं होतं. जास्त निघालं. सहा महिने गोळ्या घेतल्या, रोज तलावाच्या पाळीवर चाललो.

परवा दुसरा रिपोर्ट आणायला गेलो. आकडा बराच उतरला होता. काकांनी थर्मासच्या झाकणात चहा ओतून माझ्यापुढं केला.

"तुमच्या भावाची पोरगी कॉलेजात गेली ना? तिले घेऊन या. उपाशी आना. मी बी तोवर चहा घेत नाई."