न उमटणारा अंगठा

फरशीवाल्याला लिहिता-वाचता येत होतं आणि त्याचा त्याला अभिमान होता. बाप अंगठाबहाद्दर, म्हणून यानं हट्टानं सही शिकून घेतली होती, चांगली वळणदार. आणि पन्नाशी उलटल्यावर ठेकेदारानं सांगितलं, उद्यापासून हजेरी मोबाइलवर, अंगठा लावून.

लेकीनं आपला जुना मोबाइल दिला, कसा वापरायचा तेही शिकवलं. पण तीस वर्षं सिमेंट कालवून त्याच्या बोटांवरच्या रेषाच झिजल्या होत्या. मोबाइल काही केल्या अंगठा ओळखेना. रोज सकाळी आठला तो अर्धवट बांधलेल्या जिन्यात उभा राहायचा, अंगठा लावायचा, पुसायचा, पुन्हा लावायचा. पाच वेळा चुकलं की मोबाइल रुसून बंद. बायकोनं तेल चोळून पाहिलं. लेकीनं आकडे घालून मोबाइल उघडायची सोय करून दिली, पण वेळेवरच्या हजेरीला अंगठाच हवा, नाहीतर दहा वाजता ठेकेदार आपल्या मोबाइलवरून त्याचं नाव चढवणार. नियम वरून आलाय, मी काय करणार, असं ठेकेदाराचं म्हणणं.

त्या मंगळवारी तो एका बाथरूमच्या भिंतीला टाइल्स लावत होता. दोन्ही हात सिमेंटनं माखलेले. मोबाइल वाजला, लेकीचा फोन. तिचे दिवस भरले होते. त्यानं घाईघाईनं हात विजारीला पुसले आणि हिरवं बटण सरकवलं. ढिम्म. मधल्या बोटानं पाहिलं, करंगळीनं पाहिलं. बादलीत हात बुचकळले, तर ओल्या बोटाखाली भलतंच काहीतरी उघडायला लागलं. शेवटी मोबाइल भिंतीला टेकवून तो नाकानं सरकवायला गेला, तेवढ्यात रिंग थांबली.

परत फोन लावायचा तर आधी आकडे घाला. एक दाबावा तर शेजारचाच उमटे. जावयानं फोन उचलला तोवर वीस मिनिटं गेली होती. बाळाच्या गळ्याभोवती नाळ अडकली म्हणून लेकीला तातडीनं ऑपरेशनला नेलं होतं. आत जाण्याआधी तिला बाबांशी बोलायचं होतं.

फरशीवाला होता तसा हॉस्पिटलात धावला. लेक सुखरूप होती, नातही. संध्याकाळी लेक नीट शुद्धीवर आली. रागावली नव्हती. एवढंच म्हणाली, "बाबा, मला फार भीती वाटत होती. तुम्ही उचलला नाहीत."

नातीला घ्यायला त्यानं हात पुढे केले आणि मागे घेतले. खरखरीत बोटं तिला टोचतील असं वाटलं. लेकीनं जावयाला खूण केली, तेव्हा त्यानं बाळ सासऱ्याच्या कुशीत ठेवलं.

दुसऱ्याच दिवशी फरशीवाल्यानं बटणांचा साधा फोन घेतला. नंबर फक्त घरच्यांना दिला. मग ठेकेदारासमोर जाऊन उभा राहिला.

"साहेब, माझं काम बघायचं तर फरशीवर लेव्हलपट्टी ठेवून बघा. अंगठ्यात आता काही उरलेलं नाही."

ठेकेदार जरा वरमला. वर विचारतो म्हणाला. त्याला दोन महिने झाले, वरून हूं की चूं नाही. फरशीवाला अजून सगळ्यांच्या आधी कामावर येतो, हजेरीपुरत्या ठेवलेल्या त्या जुन्या मोबाइलला मनातल्या मनात शिव्या घालत पाच वेळा अंगठा लावतो, आणि त्याच्या नावापुढे रोज लागतं, 'उशीर'.