मागचा कॅमेरा तेवढा राहिला

दादाबद्दल मी लिहावं की नाही, हे मला अजून ठरवता येत नाही. लिहायची सवय नाही, आणि ज्याच्या अंत्यविधीलाही आपण नव्हतो त्याच्यावर लिहिणं म्हणजे आगाऊपणाच. वाचणाऱ्यांनी माफ करावं.

कैलासदादा माझा आतेभाऊ. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये त्याचं गाड्यांना स्क्रीन बसवायचं दुकान होतं, वरच घर. अपघातात मोडलेल्या नव्या गाडीची मोठी स्क्रीन काढून आणायची आणि त्याच कंपनीच्या जुन्या गाडीत बसवायची. बसवणं सोपं, पण ती स्क्रीन या जुन्या गाडीला ओळखत नाही. लॅपटॉप जोडून तिला ओळख करून द्यावी लागते, ते कोडिंग. बदलापूरहून मी सुट्टीत जायचो. बाबांच्या जुन्या गाडीत आम्ही दोघांनी अशीच स्क्रीन बसवली. कोडिंग चालू असताना मी उतरायला निघालो, तर दादाने मनगटच धरलं. "प्रोफेसर, दार उघडायचं नाय. लायटी लागल्या, व्होल्टेज पडलं, की स्क्रीन मेली." घरात कॉलेजला गेलेला मी पहिला, म्हणून मी प्रोफेसर. गाणी लागली, फोन जोडला गेला, मागचा कॅमेरा तेवढा राहिला. "तो तू करायचा. पेपर झाले की ये. मी बाजूला बसून नुसत्या शिव्या घालीन."

परीक्षेच्या तोंडावर त्याला कावीळ झाली. उतरेल म्हणाला. फोन उचलायचा नाही, पण मेसेजला उत्तर यायचं... मला तेवढं पुरत होतं. दुसरा पेपर देऊन घरी आलो, तर बाबा अंगणात कपड्यांसकट डोक्यावरून पाणी घेत होते. मी बघतच राहिलो. "ग्रीस लागलंय," ते म्हणाले. आई स्वयंपाकघरातून बाहेर आलीच नाही.

शेवटचा पेपर झाल्यावर दादाला कळवलं, 'निघालो.' उत्तर आलं, 'ये.' गाडी घेऊन गेलो. दुकानाचं शटर खाली होतं. वर वहिनींनी दार उघडलं आणि त्यांच्या मागे भिंतीवर दादाचा फोटो दिसला, हार घातलेला. दादाचा फोन वहिनींच्याच हातात होता.

"त्यांनीच शपथ घातली होती, भावोजी. म्हणाले, त्याचं कोडिंग चालू आहे, कोणी दार उघडू नका."

मी स्क्रीन नव्हतो, वहिनी... हे मला म्हणायचं होतं. त्यांना, आईबाबांना, फोटोतल्या दादालासुद्धा. अजून कोणालाच म्हटलेलं नाही. तो कॅमेराही मी दुसऱ्या कोणाकडून करून घेतलेला नाही. गाडी रिव्हर्सला टाकली की स्क्रीन काळी होते आणि मी मान वळवून मागे बघतो.

त्या दिवशी एवढंच विचारलं, "कधी?"

"तुमचा दुसरा पेपर होता ना, त्या दिवशी सकाळी."

त्या संध्याकाळी दादाच्या फोनवरून मला मेसेज आला होता, 'पेपर कसा गेला?'

मी लिहिलं होतं, 'छान गेला. तू आराम कर.'